अमेरिकेत कंपन्या आणि ना-नफा संस्था निवडणुकीवर जो पैसा लावतात, तो कोणाचा हे मतदाराला कळतं का?

अर्धवट कळतं.

केंद्रीय निवडणुकीत कंपनीला उमेदवाराच्या हातात थेट पैसे देता येत नाहीत. ही बंदी 1907 पासूनची. पण सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 च्या 'सिटिझन्स युनायटेड' निकालाने उमेदवारापासून स्वतंत्र राहून हवा तेवढा प्रचारखर्च करायची मुभा कंपन्यांना मिळाली. गंमत म्हणजे त्याच निकालात नऊपैकी आठ न्यायमूर्तींनी खर्च जाहीर करण्याचे नियम वैध ठरवले होते. म्हणजे अडचण न्यायालयाची कमी, कायदेमंडळाची जास्त.

खरी पळवाट ना-नफा संस्थांची. 'सुपर पॅक'ला, म्हणजे उमेदवारापासून स्वतंत्र राहून हवा तेवढा पैसा गोळा आणि खर्च करणाऱ्या प्रचारगटाला, देणगीदारांची नावं जाहीर करावी लागतात. पण कंपनीने आधी करकायद्याच्या 501(सी)(4) कलमाखालच्या ना-नफा 'समाजकल्याण' संस्थेला पैसे दिले आणि तिने ते सुपर पॅककडे वळवले, तर यादीत फक्त संस्थेचं नाव दिसतं. मूळ दाता पडद्याआड. 2020 पासून तर अशा संस्थांना मोठ्या देणगीदारांची नावं करखात्यालाही दरवर्षी कळवावी लागत नाहीत!

भागधारकांचीही तीच गत. कंपन्यांनी राजकीय खर्च जाहीर करावा, असा नियम शेअर बाजार नियामकाने करू नये म्हणून संसदेने 2015 च्या अखेरीस अर्थसंकल्पी कायद्यातच अट घुसवली. काही कंपन्या स्वखुशीने आकडे देतात, पण त्यावर किती विसंबायचं?

मला ॲरिझोना राज्याचा मार्ग पटतो. तिथे 2022 मध्ये मतदारांनीच कायदा मंजूर केला: प्रचारावर मोठा खर्च करणाऱ्याने पैशाचा मूळ स्रोत सांगायचा, मधल्या संस्थेचं नाव पुरत नाही.