समुद्रकाठचा जुना तलाव वाचवायचा तर आधी पाणी आणि कागद सांभाळा

तुम्ही लिहिलंय की इंग्लंडमधल्या तुमच्या गावातला समुद्रकाठचा उघडा तरणतलाव १९३० च्या दशकातला आहे, तीन उन्हाळे बंद आहे, आणि काउन्सिल, म्हणजे तिथली स्थानिक नगरसभा, आता ती जागा लांब मुदतीच्या लीजवर एका बिल्डरला द्यायच्या तयारीत आहे. फ्लॅट होणार आणि तलावाची आठवण म्हणून एक कारंजं ठेवणार. यावर सह्यांची मोहीम सुरू करावी का, असा तुमचा प्रश्न आहे.

सह्या घ्याच, पण कामांच्या यादीत त्या बऱ्याच खाली ठेवा. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या अशाच एका तलावाच्या समितीत मी नऊ वर्षं काढली. आम्ही पहिलं अख्खं वर्ष सह्यांत घालवलं आणि ते आम्हाला फार महाग पडलं. त्या वर्षात तलाव रिकामा पडून होता आणि तिकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

असा तलाव एका ठरावात क्वचितच जातो. आधी पंप बिघडतो. मग "या हंगामापुरता बंद" अशी पाटी लागते. पाणी काढतात, भोवती जाळी येते, काचा फुटतात, आणि चार-पाच वर्षांनी अहवाल येतो की दुरुस्ती परवडण्यासारखी नाही. तोवर गावातल्या लहान मुलांनी तलाव भरलेला पाहिलेलाच नसतो, त्यामुळे भांडायलाही माणसं कमी उरतात. मोरकंबचा भव्य तलाव १९३६ साली उघडला आणि १९७६ साली पाडला. ब्लॅकपूलचा १९२३ चा तलाव १९८३ साली गेला. स्कारबरोचा १९१५ चा तलाव बंद पडून राहिला आणि शेवटी भराव टाकून बुजवला. टाइनमथचा १९२५ चा खडकातला तलावही असाच दगड-काँक्रीटनं भरून टाकला. हे सगळे आपापल्या काळात गावाचा अभिमान होते, आणि ही नावं घेताना मला आजही वाईट वाटतं.

म्हणून सर्वांत आधी पाण्याबद्दल विचारा. पन्नास मीटर लांब, वीस मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलाव धरला तर त्यात पंधरा लाख लिटर पाणी मावतं, म्हणजे दीड हजार टन वजन. या वजनानं तळ जमिनीवर दाबून बसलेला असतो. तलाव रिकामा केला की भरतीबरोबर वाढणारं जमिनीतलं पाणी तळाला खालून वर रेटतं. तळ उचलला जाऊ शकतो, सांधे सुटतात. वरून ऊन, थंडी आणि बर्फ आहेतच. तलाव कोणी, कधी आणि कोणाच्या सल्ल्यानं रिकामा केला, आणि खालचा दाब सोडायची काय सोय आहे, हे काउन्सिलला लेखी विचारा. उत्तर काहीही येवो, या विषयावरचा तुमचा पहिला कागद तयार होतो. मात्र मुलांच्या सुरक्षेचा आणि विम्याचा मुद्दा खरा असतो, त्यामुळे "आत्ताच्या आत्ता भरा" असा हट्ट इंजिनीअरशी बोलल्याशिवाय धरू नका.

आता इंजिनीअरबद्दल. लोकवर्गणीतून तुमच्या हाती पडलेले पहिले पैसे बॅनरवर घालवू नका, ते जुन्या काँक्रीटचा अनुभव असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनीअरला द्या. आमच्याकडे काउन्सिलच्या अहवालात लिहिलं होतं की तलावाचं पूर्ण कवच, म्हणजे तळ आणि भिंती, नव्यानं बांधावं लागेल. आकडा इतका मोठा होता की सभेत कोणी पुढे बोलेना. मग आम्ही आमचा माणूस आणला. मार्चमधल्या एका सकाळी मी त्याच्याबरोबर रिकाम्या तलावात उतरले. फिकट निळ्या रंगाचे पोपडे बुटाखाली कुरकुरत होते. त्याच्या हातात साधी हातोडी आणि खिशात खडू. भिंतीवर हातभर अंतरानं ठोकत तो पुढे सरके. ठण, ठण, ठण, आणि मध्येच बद्द. बद्द वाजलं की तिथं खडूनं गोल. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटची खपली आतून सुटते, तो आवाज होता. दुपारपर्यंत उथळ बाजूची समुद्राकडची भिंत पांढऱ्या गोलांनी भरून गेली. आम्हा सगळ्यांना धास्ती होती ती खोल बाजूची. तिथं त्यानं जेमतेम सात गोल काढले.

कारण त्यानं तिथंच समजावलं. समुद्राच्या पाण्यातलं मीठ काँक्रीटमध्ये मुरत सळईपर्यंत जातं हे खरं, पण गंज चढायला हवाही लागते. सतत पाण्याखाली असलेल्या भागाला हवा फार कमी मिळते. जिथं लाटांचे शिंतोडे उडतात, जिथं काँक्रीट ओलं होतं, वाळतं, पुन्हा ओलं होतं, तिथं गंज सर्वांत जोरात. म्हणजे खोल बाजूला इतकी वर्षं पाण्यानंच जपलं होतं, आणि आम्ही सह्या गोळा करत होतो त्या वर्षात ते कवच उघड्यावर पडलं होतं. पुढे भोकं पाडून निघालेल्या काँक्रीटच्या भुकटीतल्या मिठाची तपासणी झाली आणि ठिगळदुरुस्तीचा अंदाज आला. नव्या बांधकामापेक्षा तो इतका कमी होता की काउन्सिलला आपला अहवाल पुन्हा काढावा लागला.

कागदांपैकी पहिला अर्ज वारसा यादीचा. हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा वास्तूंचं काम बघणाऱ्या सरकारी संस्थेकडे कोणीही अर्ज करू शकतं, मालकाची परवानगी लागत नाही. एकदा इमारत लिस्टेड झाली, म्हणजे या यादीत आली, की संमतीशिवाय ती पाडणं हा गुन्हा ठरतो. मात्र उलट बाजूही माहीत असू द्या: मालक किंवा बिल्डर "ही इमारत यादीत घेऊ नये" असं प्रमाणपत्र मागू शकतो, आणि ते मिळालं तर पाच वर्षं यादीचा रस्ता बंद. तसा अर्ज गेलाय का, ते आधी बघा. तुमच्या अर्जात भावना एका परिच्छेदात आटपा. मूळ आराखडा कोणाचा, त्यातलं आज काय काय शाबूत आहे, नंतर कुठे काय जोडलं, हे महत्त्वाचं. गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरच्या तारखेच्या शिक्क्यांसकट जुन्या पोस्टकार्डांचा इथं फार उपयोग होतो. आमच्या अर्जात मूळची पायऱ्यांची गॅलरी अजून तशीच असल्याचं सिद्ध झालं ते एका आजींनी बिस्किटाच्या डब्यातून काढलेल्या कार्डामुळे.

यादीत नाव आलं म्हणजे तलाव उघडला, असं मात्र समजू नका. प्लिमथचा टिनसाइड तलाव १९९२ साली बंद झाला, १९९८ साली यादीत आला, आणि पाणी भरायला त्यानंतरही काही वर्षं गेली. ग्रेंज-ओव्हर-सँड्सचा १९३२ चा तलाव १९९३ साली बंद पडला आणि यादीत यायलाच २०११ उजाडलं. यादीनं फक्त वेळ मिळतो.

तुमच्या प्रकरणाशी सर्वांत जवळचं उदाहरण ब्रायटनजवळच्या सॉल्टडीनचं. आर. डब्ल्यू. एच. जोन्स यांच्या आराखड्यावर बांधलेला, १९३८ साली उघडलेला तलाव. २०१० साली लीजधारकाचा बेत तलाव बुजवून फ्लॅट बांधायचा होता. गावकरी उभे राहिले. २०११ मध्ये वारसा यादीतली तलावाची श्रेणी दोनवरून दोन-तारांकित, म्हणजे एक पायरी वरची, झाली. २०१२ मध्ये काउन्सिलनं लीज परत घेतली. मग गावकऱ्यांच्या कंपनीनं चालवण्याची जबाबदारी मिळवली, आणि २०१७ च्या उन्हाळ्यात पाणी भरलं. सात वर्षं लागली, आणि मुख्य इमारतीचं काम तर त्याच्याही पुढे चाललं. हा काळ डोळ्यांसमोर ठेवूनच समितीत माणसं घ्या. निदान तिघं तरी अशी हवीत की जी पाच वर्षांनीही बैठकीला येतील.

दुसरा अर्ज काउन्सिलकडेच करायचा: लोकलिझम कायदा २०११ खाली तलावाची "समाजोपयोगी मालमत्ता" म्हणून नोंद. या अर्जाला मतदार यादीतली २१ स्थानिक माणसं एकत्र आली तरी पुरतं, नोंदलेली संस्था लागत नाही. नोंद पाच वर्षं टिकते. त्या काळात मालकानं जागा विकायची किंवा पंचवीस वर्षं वा त्याहून जास्त मुदतीच्या लीजवर द्यायची ठरवली, तर त्याला कळवावं लागतं. तुम्हाला सहा आठवड्यांत "आम्हाला बोली लावायची आहे" असं सांगता येतं (इथं मात्र नोंदलेली संस्था लागते), आणि तसं सांगितलं की एकूण सहा महिने व्यवहार थांबतो. शेवटी तुम्हालाच द्यावं असं बंधन त्यात नाही, पण सहा महिने म्हणजे पुष्कळ झाले. यात एक गोम आहे. तलाव सध्या बंद असेल तर "नजीकच्या भूतकाळात" तो लोकांच्या वापरात होता आणि पुढच्या पाच वर्षांत पुन्हा येऊ शकतो, हे पटवावं लागतं. तीन उन्हाळे अजून नजीकचे म्हणता येतील. आठ उन्हाळे झाले की वाद सुरू होतो. म्हणून हा अर्ज याच महिन्यात घाला. स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम वेगळे आहेत, हे वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते.

सभेत तुम्हाला हमखास ऐकवतील की कायद्यानं आम्हाला जास्तीत जास्त किंमत घेणं भाग आहे. १९७२ च्या स्थानिक सरकार कायद्याचं १२३ वं कलम तसं म्हणतं खरं, पण सरकारनं २००३ साली दिलेल्या सर्वसाधारण संमतीनुसार सामाजिक, आर्थिक किंवा पर्यावरणीय भल्यासाठी काउन्सिल २० लाख पौंडांपर्यंतची सूट स्वतःच्या अधिकारात देऊ शकते. हे शांतपणे, कागद पुढे ठेवून सांगा. आमच्याकडच्या दोन नगरसेवकांना ते खरंच माहीत नव्हतं, आणि कळल्यावर त्यांचा सूर बदलला.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज त्याच आठवड्यात टाका. उत्तराला वीस कामाचे दिवस असतात. "तलावाविषयी सगळं द्या" असं मागितलं तर खर्चाचं कारण सांगून नाकारतील. शेवटच्या दहा हंगामांचा जमाखर्च, तिकिटांची संख्या, सर्व तपासणी अहवाल, लीजचा मसुदा आणि जागेचं मूल्यांकन असं नेमकं मागा. लँड रजिस्ट्री, म्हणजे जमिनींच्या मालकीची सरकारी नोंद, तिथून मालकीचा उताराही काढा, थोडक्या पैशात मिळतो. कित्येक किनारी जागा कोणी तरी "लोकांच्या करमणुकीसाठीच" अशी अट घालून दिलेल्या असतात, आणि ती अट उताऱ्यात किंवा जुन्या दस्तात झोपलेली असते.

बांधकाम परवानगीचा अर्ज आलाच तर प्रत्येकानं आपापल्या शब्दांत हरकत लिहावी. वारशाचं नुकसान, पोहण्याची सोय नाहीशी होणं, रहदारी, पुराचा धोका, हे मुद्दे धरतात. "माझा समुद्र दिसणार नाही", "घराची किंमत उतरेल" हे धरत नाहीत.

आणि मग ज्यावर सगळं अडतं ते: चालवणार कोण आणि कशातून. नुसत्या तिकिटांवर असा तलाव चालत नाही. पेन्झन्सचा जुबिली तलाव बघा. १९३५ चा, त्रिकोणी. २०१४ च्या वादळांत मोडला, २०१६ मध्ये दुरुस्त होऊन उघडला. त्यानंतर तो लोकांच्या संस्थेकडे आला, समभाग विकून पाच लाख पौंडांहून जास्त उभे राहिले, आणि ४१० मीटर खोल विहिरीतल्या भूगर्भातल्या उष्णतेवर तलावाचा एक कोपरा गरम केला. तो २०२० साली सुरू झाला, आणि थंडीतही माणसं येऊ लागली. एकच कोपरा का, ते हिशोबानं कळतं. वर सांगितलेलं पंधरा लाख लिटर पाणी एक अंशानं तापवायलाच साधारण १,७५० युनिट उष्णता लागते. "आम्ही तलाव गरम ठेवू" असं आराखड्यात लिहिण्याआधी हा गुणाकार करा, नाहीतर पहिला प्रश्न विचारणारा तुम्हाला पाडेल. स्टोनहेवनचा १९३४ चा पन्नास मीटरचा तलाव खाऱ्या पाण्याचा आणि गरम आहे, पण तिथं काउन्सिल आणि तलावाचा मित्रमंडळ गट मिळून काम करतात. तुमची काउन्सिल पूर्ण हात झटकणार की अर्धा भार उचलणार, यावर तुमचा आराखडा ठरेल. कॅफे, भाड्यानं द्यायचा हॉल, हंगामी पास, हे बाराही महिने पैसे आणणारं अंग आराखड्यात हवंच.

संस्था कोणती काढायची, तर समभाग विकायचे असतील तर कम्युनिटी बेनिफिट सोसायटी, म्हणजे समाजाच्या भल्यासाठी चालणारी सभासदांची संस्था, बघा. त्यात कोणी कितीही पैसे घातले तरी मत एकच, त्यामुळे एखादा श्रीमंत सभासद नंतर तलाव खिशात घालू शकत नाही.

सह्यांचं आता सांगते. कागदावर नाव-पत्त्याशेजारी आणखी तीन रकाने काढा: वर्षात किती वेळा याल, तिकिटाला किती द्याल, समभाग घ्याल का. दहा हजार नुसत्या सह्यांपेक्षा असे आठशे भरलेले कागद निधी देणाऱ्याला जास्त सांगतात. आम्ही हे दुसऱ्या वर्षी शिकलो आणि तीच माणसं पुन्हा गाठताना दमलो.

लीजचा विषय काउन्सिलच्या कुठल्या बैठकीत येणार, ती तारीख आजच शोधून काढा आणि तिथून मागे मोजत कामं लावा: समाजोपयोगी मालमत्तेचा अर्ज, वारसा यादीचा अर्ज, माहितीचा अर्ज, इंजिनीअर. जाळीबाहेरून दिसतात तेवढ्या भिंतींचे फोटो दर महिन्याला त्याच जागेवरून काढत राहा, तारखेसकट. गंजाचे तपकिरी ओघळ कुठे वाढतायत ते त्यात दिसेल, आणि आत जायची परवानगी मिळाली की इंजिनीअरला पहिली हातोडी कुठे मारायची ते कळेल.