दगडाचा क्लेम विम्याकडे, एसीची तक्रार कंपनीकडे

प्रश्न : मी बोरिवलीला राहतो. सहा महिन्यांपूर्वी घेतलेली फोर बाय फोर (चारही चाकांना जोर मिळणारी गाडी) घेऊन मित्रांबरोबर कर्जतजवळच्या एका खाजगी ऑफ-रोड ट्रॅकवर गेलो. खालून दगड लागून इंजिनखालचा ऑइलचा चेंबर फुटला. ऑइलचा लाल दिवा लागला, तरी हायवे गाठू म्हणून नऊ-दहा किलोमीटर गाडी रेटली आणि इंजिन सीझ, म्हणजे जाम झालं. विमा कंपनीने ‘ऑफ-रोड वापर’ म्हणत क्लेम नाकारला. वर्कशॉपने तेच कारण देऊन वॉरंटी नाकारली. आधीपासून बिघडलेला एसीचा कॉम्प्रेसरही बदलून देत नाहीत. काय करू?

उत्तर : दोन वेगळे आजार एकाच केसपेपरवर लिहिले गेलेत. आधी ते सुटे करा.

वॉरंटी म्हणजे मालातल्या किंवा बांधणीतल्या दोषाची हमी. दगड लागणं हा अपघात, मग रस्ता डांबरी का असेना. इंजिनसाठी गाडीच्या कंपनीशी भांडू नका. कॉम्प्रेसरचं मात्र उलट आहे. ट्रॅकवर जाण्याआधीची तक्रार जॉबकार्डवर (वर्कशॉपच्या कामाच्या नोंदपत्रावर) नोंदलेली असेल, तर ‘ऑफ-रोडमुळे कॉम्प्रेसर कसा गेला?’ एवढंच लेखी विचारा. दगडधोंड्यांतून जाते म्हणून गाडी विकायची आणि धूळ दिसली की हात वर करायचे, हे ग्राहक आयोगापुढे टिकणं कठीण आहे.

आता विमा. पॉलिसीत वापराच्या मर्यादांचा परिच्छेद असतो, तो वाचा. खाजगी गाडीच्या नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत भाड्याने देणं, आयोजित शर्यत, वेगचाचणी असे वापर वगळलेले असतात. ‘ऑफ-रोड’ हा शब्द सहसा नसतो. तुमच्या पॉलिसीतही नसेल, तर कोणत्या कलमाखाली नाकारलंत ते कंपनीने दाखवावं. अपवाद लागू होतो हे सिद्ध करणं तिचंच काम. तुम्ही पाठवलेल्या रीलमध्ये मागून कुणीतरी ‘टायमिंग, टायमिंग!’ ओरडतंय. ती रील डिलीट करू नका. मित्रांचा आरडाओरडा म्हणजे आयोजित शर्यत नव्हे, पण ते दाखवायला ट्रॅकवाल्याची पावती जपून ठेवा. आणि ‘हायवेवर खड्ड्यात आपटली’ असं लिहून द्यायचा मोह आवरा. खोट्या माहितीने खरा क्लेमही बुडतो.

तुमची अडचण खरं तर त्या लाल दिव्याची आहे. अपघातानंतर दुरुस्तीआधी गाडी चालवली, तर वाढलेलं नुकसान मालकाच्या माथी, अशी अट पॉलिसीत असते. म्हणजे चेंबर आणि दगडाने थेट झालेली मोडतोड मागता येईल. सीझ झालेल्या इंजिनाचे पैसे मिळतील असं मी तुम्हाला सांगणार नाही. इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन (इंजिनासाठीचं जादा विमा संरक्षण) घेतलं असेल तर त्याच्या अटी वेगळ्या वाचा.

विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार द्या, सर्व्हेअरच्या (विम्यासाठी नुकसान तपासणाऱ्याच्या) अहवालाची प्रत मागा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पुन्हा नकार आला, तर सांताक्रूझच्या विमा लोकपालांकडे एका वर्षाच्या आत जा. फी नाही, वकीलही लागत नाही. कॉम्प्रेसरसाठी वांद्रे पूर्वेचा जिल्हा ग्राहक आयोग. मुदत 2 वर्षं. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 38 नुसार आयोग सदोष वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, तेव्हा जुना कॉम्प्रेसर भंगारात जाऊ देऊ नका.

वर्कशॉपवाले इंजिन उघडायची परवानगी मागतील. सर्व्हेअरला तारीख ईमेलने कळवल्याशिवाय त्यावर सही करू नका.