वाचक विचारतात : डिग्री आणि कंपनी, दोन्ही एकदम?

प्रश्न : मॅडम, मुलगी बारावी सायन्स झाली. गणितात ८१ मार्क आहेत. कॉम्प्युटरच्या अशा डिग्रीला जायचं म्हणते, की जिच्यात काही महिने आयटी कंपनीत अप्रेंटिस म्हणून काम करायचं आणि वर पैसेही मिळतात. हे म्हणतात, "शिकायचं तर नीट शिक, ही अर्धी मजुरी कशाला?" काय करू?
— एक आई, कोरेगाव

उत्तर : ताई, सातारा जिल्ह्यात राहून "अर्धी मजुरी" म्हणायचं म्हणजे कमालच झाली. 'कमवा आणि शिका' म्हणत कर्मवीर अण्णांनी पोरं शिकवली ती इथेच. यजमानांना एवढं ऐकवून बघा.

तरी त्यांची शंका अगदीच उडवून लावू नका. डिप्लोमा झाल्यावर १९९३ साली मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अप्रेंटिस होते. पहिले सात महिने जॉबकार्डांवर नंबर टाकले आणि चहाची कुपनं मोजली. डायरीत मात्र रोज "लेथवर काम शिकले" असं लिहायचं. सुपरवायझर न वाचताच सही ठोकायचे. कॉम्प्युटरशी गाठ पडली तीही स्टोअर्सचा माणूस लग्नाच्या रजेवर गेला म्हणून! तेव्हा कॉलेजात आधी हेच विचारा, की कंपनीत पोरगी नक्की काय करणार आणि तिला शिकवणार कोण. "आयटीचा अनुभव मिळेल" हे काही उत्तर नव्हे. टेस्टिंग करणार, कोड लिहिणार, की नुसते सपोर्टचे कॉल घेणार, ते सांगू देत. आदल्या बॅचची एखादी मुलगी भेटली तर फारच उत्तम. ती चहा पिता पिता खरं सांगेल.

डिग्री हलकी नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन वर्षांच्या पदवीत अप्रेंटिसशिप एक ते तीन सेमिस्टरची असते आणि त्या कामाचे क्रेडिट, म्हणजे अभ्यासाचे श्रेयांक, पदवीतच धरले जातात. बारावीनंतर कंपनीच थेट उचलते आणि नोकरी सांभाळून डिग्री करायला लावते, तो प्रकार निराळा. लोक दोन्ही एकाच नावाने खपवतात. तसलं काही असेल तर बॉण्ड किती वर्षांचा, मध्येच सोडलं तर किती भरायचे आणि डिग्री कुठल्या विद्यापीठाची, हे वाचल्याशिवाय सही करू नका. मला विचाराल तर पोरीने कॉलेजवाला मार्ग धरावा.

पैशांचं म्हणाल तर ते विद्यावेतन, पगार नव्हे. २०१९ च्या नियमांत पदवीच्या अप्रेंटिसला महिना किमान ९,००० रुपये धरले होते. कंपनी जास्तही देऊ शकते. १९६१ च्या कायद्यात अप्रेंटिस हा कामगार नव्हे, शिकाऊ. त्यामुळे फंड वगैरे विसरा, आणि मुदत संपल्यावर कंपनीने घेतलंच पाहिजे असंही नाही.

कंपनी हिंजवडीला असली तर खोली, मेस आणि बसपास यांची बेरीज त्या विद्यावेतनाशेजारी मांडायला पोरीलाच बसवा. गणितात ८१ आहेत म्हणता ना!