हवामान बदलाचे सरकारी धोरण, कृषी केंद्रातील टॉनिक आणि आपले सोयाबीन

प्रश्न : मूर्तिजापूर आणि कारंजा भागातील काही सोयाबीन उत्पादकांनी विचारले आहे की, मुख्यमंत्री हवामान बदल, पोकरा (हवामान बदलाला तोंड देण्यासाठीचा राज्याचा कृषी प्रकल्प) आणि नदीजोड यांविषयी वारंवार बोलतात, पण त्यातून येत्या खरिपात आमच्या हाती नेमके काय लागेल? शिवाय कृषी केंद्रवाला ‘हवामान बदलावरचे’ म्हणून एक टॉनिक देतो आणि दर पंधरवड्याला फवारायला सांगतो. ते घ्यावे का?

उत्तर : टॉनिक घेऊ नये. हे आधीच सांगतो, कारण बाकीचे उत्तर वाचेपर्यंत अनेकांनी बाटली आणलेली असते.

राजकारणावर मत देणे माझ्या नोकरीत बसत नाही, पण धोरण शेतात कुठवर पोहोचते हे सांगणे माझे कामच आहे. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस नागपूरचे असल्याने आपल्याकडच्या पावसाचा लहरीपणा त्यांना नवा नाही, आणि 2014 पासूनचा त्यांचा भर पाहिला तर तो मुख्यतः पाण्यावर दिसतो. त्याच वर्षी डिसेंबरात जलयुक्त शिवार आले, 2018 मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, सुरू झाला आणि 2024 मध्ये वैनगंगेचे पाणी पश्चिम विदर्भाकडे नेणाऱ्या वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला मान्यता मिळाली. पोकराच्या पहिल्या टप्प्यात 15 जिल्ह्यांतील 5142 गावे होती. त्यांत पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याची, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारे असलेल्या भागाची, 932 गावे धरलेली होती, हे त्या प्रकल्पाचे मला सर्वांत पटलेले वैशिष्ट्य आहे. दुसऱ्या टप्प्यात 21 जिल्ह्यांतील 7201 गावे आहेत. आपले गाव यादीत आहे की नाही हे सहायक कृषी अधिकाऱ्यांना विचारावे. पानटपरीवरच्या चर्चेवर विसंबू नये.

आता माझे स्पष्ट मत सांगतो. या तिन्हींपैकी सर्वांत जास्त बोलले जाते ते नदीजोडाविषयी, आणि येत्या खरिपात त्याचा थेंबभरही उपयोग होणार नाही. जलयुक्तमध्ये नाल्यांवर जेसीबी भरपूर चालले, भूजलाच्या बाबतीत अपेक्षित परिणाम दिसला नाही असा ताशेरा महालेखापरीक्षकांनी 2020 मध्ये ओढला, आणि ज्या वावरात पाऊस पडतो त्या वावरातले काम मात्र मागेच राहिले. पोकराने शिफारस केलेली रुंद वरंबा सरी पद्धत, म्हणजे बीबीएफ, हीच या सगळ्या धोरणातील अशी गोष्ट आहे जी कास्तकाराला यंदाच करता येते. आपला प्रश्न एकूण पाऊस किती पडला हा नाही. चार-पाच दिवस झड लागते आणि नंतर दोन-तीन आठवडे खंड पडतो, हा आहे. वरंब्यावरचे पीक झडीत बुडत नाही आणि सरीत मुरलेल्या ओलाव्यावर खंडात तग धरते.

गेल्या हंगामातले एक वावर सांगतो. झडीनंतर धुऱ्याकडच्या (बांधाकडच्या) सखल भागात सोयाबीन पिवळे पडले होते, आणि शेतकऱ्याने कृषी केंद्राच्या सांगण्यावरून युरिया टाकून वर तीन बाटल्या एकत्र करून फवारल्या होत्या. मी खुरप्याने दोन झाडे उपटली आणि मुळांवरच्या गाठी नखाने फोडल्या; आतून गुलाबी असायला हव्या होत्या, त्या काळपट आणि मऊ निघाल्या. शेजारच्या बीबीएफवरील वावरात त्याच पावसाचे पाणी सरीतून निघून गेले होते आणि तिथल्या गाठी गुलाबी होत्या. साचलेल्या पाण्यात मुळांना हवा मिळत नाही, गाठी नत्र देणे थांबवतात आणि पान पिवळे पडते. त्यावर उपाय चर काढून पाणी बाहेर काढणे हा आहे, बाटली नव्हे. सोयाबीनला पेरणीनंतर युरिया देऊ नये. युरियाने झाड माजते, अळी वाढते आणि शेंगा कमी लागतात.

कृषी केंद्रवाल्याचा सल्ला हा विक्रीचा सल्ला असतो, हे मी प्रत्येक बैठकीत सांगतो आणि इथेही सांगतो. जैव-उत्तेजके, म्हणजे टॉनिक म्हणून विकली जाणारी अशी औषधे, 2021 पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत, तेव्हा ज्या बाटलीवर घटक आणि उत्पादकाचा तपशील धड नाही ती हातात धरू नये. डीएपीच्या गोणीसोबत टॉनिक घेण्याची सक्ती होत असेल तर पक्के बिल मागावे आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी. कीटकनाशकाची मात्रा लेबलवर असेल तीच घ्यावी; ‘अळी जड आहे, दीडपट घ्या’ असे सांगणाऱ्याचे ऐकू नये. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यानंतरही एका पंपात तीन-चार औषधे कालवणारे मला दरवर्षी भेटतात. कालवू नका. दीडपट घेऊ नका. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नका.

पेरणीच्या वेळेबाबतही तेच. मृगाची पहिली सर पडली की बियाण्याच्या दुकानात गर्दी होते आणि दुकानदार ‘साठा संपेल’ म्हणून घाई करतो. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होईपर्यंत तिफन (पेरणीचे अवजार) वावरात नेऊ नये. दुबार पेरणीचा खर्च दुकानदार देत नाही. घरचे बियाणे असेल तर उगवणशक्ती 70 टक्क्यांच्या वर आहे की नाही ते गोणपाटावर तपासावे, आधी बुरशीनाशकाची आणि मग रायझोबियमची बीजप्रक्रिया करावी, आणि बी तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल टाकू नये. बीबीएफवर एकरी 22 ते 24 किलो बियाणे पुरते. 30 किलो टाकून दाटी करण्याचे काहीच कारण नाही.

पोकराच्या अनुदानाविषयी थोडक्यात : अर्ज ऑनलाइन करावा, पूर्वसंमती मिळाल्याशिवाय कोणतेही साहित्य विकत घेऊ नये, आणि ‘मंजुरी आणून देतो’ म्हणणाऱ्या दलालाला पैसे देऊ नयेत.

बीबीएफ यंत्र गावात नसल्यास पेरणी पुढे ढकलण्याची गरज नाही. तिफनीने पेरताना दर तीन किंवा चार ओळींनंतर एक ओळ रिकामी सोडावी, आणि पीक 25 ते 30 दिवसांचे झाले की डवऱ्याला (कोळप्याला) दोरी गुंडाळून त्या रिकाम्या ओळीत सरी पाडावी. सरीचे तोंड उताराकडे, पण थेट नाल्यात न सोडता धुऱ्याजवळच्या चरात सोडावे, म्हणजे माती वावरातच राहील.