पहिल्यांदाच कस्टम वॉटर कूलिंग करतोय, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्हीसाठी. सुरुवात कुठून करू?

आधी टेप घेऊन कॅबिनेट मोजा. ३६० मिमीचा रेडिएटर (पाण्यातली उष्णता बाहेर टाकणारी, पंखे बसवायची जाळी) दोन्ही टोकांच्या टाक्यांसकट ३९० मिमीच्या पुढे जातो. जाडीत २५ मिमी पंख्याचे वेगळे धरा. दोन्ही भागांसाठी ३६० पुरतो, पण मोठं ग्राफिक्स कार्ड असेल तर आणखी एक २४० लावाच, पंखे शांत राहतात.

तांब्याच्या ब्लॉकसोबत (प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्डवर बसणारा, आतून पाणी वाहणारा भाग) ॲल्युमिनियमचा रेडिएटर कधीही जोडू नका, ॲल्युमिनियम गंजत जातं. नळी पहिल्या वेळी मऊच घ्या.

पाणी साठवायची वेगळी टाकी पंपाच्या वर हवी. पंप कोरडा फिरला की खराब होतो. पाणी भरल्यावर गळती तपासायला फक्त पंप चालवा, बाकी सगळ्याची वीज बंद. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवा आणि २४ तास थांबा. अगदी छोटा ओला ठिपकाही त्यावर लगेच दिसतो.