फेब्रुवारीतील दहिवरापासून संत्र्याची कलमे कशी वाचवावीत?

नाल्याकाठच्या शेतातील आपली दोन वर्षांची संत्र्याची कलमे गेल्या फेब्रुवारीत एका रात्रीत करपली, यंदा ती कशी वाचवावीत, असे आपण विचारले आहे. माझा बगीचाही सातपुड्याच्या पायथ्याशी असून मी हे नुकसान सोसले आहे. त्या सकाळी धुऱ्यावरचे गवत मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे दिसत होते. नाल्याकडील दोन ओळींची पाने उकडलेल्या भाजीसारखी लोंबत होती आणि दुपारपर्यंत ती तपकिरी झाली, मात्र चढावरच्या ओळींना काहीच झाले नव्हते. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमिनीलगतची हवा गार होऊन जड होते आणि उताराने वाहत जाऊन खोलगट भागात साचते. म्हणून आपली सर्व मेहनत प्रथम नाल्याकडील ओळींवर करावी.

माझा सर्वाधिक भरवसा ओलितावर आहे. ओली, उघडी जमीन दिवसा ऊन अधिक साठवते आणि रात्री ती ऊब झाडाला देते, म्हणून थंडीची लाट येणार असे कळताच आदल्या दिवशीच पाणी द्यावे आणि आळ्यातील पालापाचोळा तेवढ्या रात्रींपुरता बाजूला करावा. आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीस येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, मोठ्या झाडांना ताण देतात, म्हणजे त्यांचे पाणी काही काळ तोडतात, परंतु दोन वर्षांच्या कलमांचा बहार घ्यायचा नसल्याने त्यांना कोरडे ठेवण्याचे कारणच नाही. तुषार सिंचन मात्र विजेची पूर्ण खात्री असल्याशिवाय सुरू करू नये. पहाटे ते मध्येच बंद पडले तर ओल्या पानांवरील पाण्याची वाफ होताना पाने आणखी गार होतात.

कलमांभोवती तुराट्यांचा आडोसा करावा, आग्नेयेची बाजू उन्हासाठी मोकळी ठेवावी आणि प्लास्टिक पानांना टेकू देऊ नये. खोडाला डोळा भरलेल्या जागेच्या, म्हणजे खुंटावर संत्र्याचा डोळा बसवून कलम केलेल्या जागेच्या, वरपर्यंत बारदान गुंडाळावे, कारण शेंडा जळाला तरी तेवढा भाग जगला तर त्यातून संत्र्याचीच फूट येते. तो मेला तर खाली केवळ जंबेरीचा, म्हणजे रानटी लिंबाच्या जातीचा, खुंट उरतो. शेकोट्या करायच्या असल्यास एका मोठ्या आगीपेक्षा अनेक लहान आगी बऱ्या, कारण उपयोग धुरापेक्षा उबेचा होतो.

एवढे करूनही कलम करपलेच, तर लगेच छाटणी करू नये. नवी फूट येऊन जिवंत लाकूड कोठपर्यंत आहे हे स्पष्ट दिसल्यावरच वाळलेला भाग कापावा आणि कापावर बोर्डोपेस्ट (मोरचूद व चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावावी. मी घाईने कात्री चालवली होती आणि जगू शकल्या असत्या अशा फांद्याही त्यात गेल्या.