हाडांचा सर्जन व्हायला गणित चांगलं असावं लागतं का, की हाताची सवय पुरते?

तुम्ही सहज विचारलं असेल, पण मला हा प्रश्न झोंबला. "गणित कच्चं आहे, कॅल्क्युलस तर डोक्यावरून जातं, ऑर्थो घेऊ का? शेवटी सगळं हातातच असतं ना?" असं तुम्ही लिहिलंय. यातलं शेवटचं वाक्य मी रेसिडेन्सीभर एकाच माणसाच्या तोंडून ऐकलं.

दुसरं वर्ष होतं. एका आजींचा खुबा मोडलेला, इंटरट्रोकँटरिक (मांडीच्या हाडाच्या मानेखाली), डीएचएस (हाडाच्या गोल डोक्यात, म्हणजे हेडमध्ये, जाड स्क्रू आणि बाहेरून प्लेट) करायचं ठरलं. ज्यांच्या तोंडी ते वाक्य असायचं तेच सर करत होते, मी असिस्ट. स्क्रूला वाट दाखवणारी गाइड वायर गेली. एपीमध्ये (समोरून घेतलेला एक्स-रे) जराशी वर, लॅटरलमध्ये (बाजूने घेतलेला) चक्क पुढच्या बाजूला. मी म्हटलं, "सर, वायर पुढे गेलीय." सर म्हणाले, "चालेल. रीमर दे." वायरवरून स्क्रूसाठी भोक पाडणारा तो रीमर मी दिला.

दुसऱ्या दिवशी फिल्म व्ह्यूबॉक्सवर लावली आणि खिशातून पट्टी काढली. स्क्रूच्या टोकापासून हेडच्या शिखरापर्यंत एपीत 19 मि.मी., लॅटरलमध्ये 17. बेरीज 36. हेच ते टिप-अपेक्स डिस्टन्स, 1995 साली बॉमगार्टनर आणि सहकाऱ्यांनी मांडलेलं. 25 च्या पुढे गेलं की स्क्रू हेड फाडून बाहेर येण्याची भीती वाढते. राउंडला मी सगळ्यांसमोर म्हटलं, "सर, 36 भरतंय." सर हसले. "एक्स-रेत सगळं मोठं दिसतं बाई, ते कोण धरणार?" मग आख्खा राउंड हसला. चूक माझीच होती, मॅग्निफिकेशन धरायला मी विसरले होते.

रात्री परत बसले. स्क्रूची दांडी खरी 8 मि.मी. जाडीची, फिल्मवर दोन्ही व्ह्यूत 10 भरत होती. म्हणजे 0.8 ने गुणायचं. 36 चे झाले 28.8. शाळेतलं त्रैराशिक, दुसरं काही नाही. सकाळी कागद पुढे धरला तर सर म्हणाले, "मग आता परत उघडू?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. स्क्रू बसल्यावर पट्टी काढणं म्हणजे वरातीमागून घोडं. मोजायचं ते वायर आत असताना, रीमर हातात घ्यायच्या आधी. त्या वेळी मी नुसतं "पुढे गेलीय" म्हटलं होतं, आकडा सांगितला नव्हता. सांगितला असता तर सर थांबले असते का, यावर माझा स्वतःशी वाद अजून चालू आहे.

सातव्या आठवड्यात आजी परत आल्या, पाय टेकवत नव्हता. स्क्रू हेडमधून वर निघालेला. शेवटी खुबाच बदलावा लागला. फाइलवर कारण लिहिलं गेलं, "ऑस्टिओपोरोसिस".

म्हणून ज्यांना "अंदाजाने कळतं" ते लोक मला सहन होत नाहीत. या शाखेत आकडा पावलापावलाला आडवा येतो. भरीव सळईचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे 9 ऐवजी 10 मि.मी. घेतली की तो जवळजवळ दीडपट होतो. नेल (हाडाच्या पोकळीत घालायची सळई) निवडताना "एकच तर मिलिमीटर" म्हणणाऱ्याला हे माहीत नसतं. इलिझारॉव्हच्या रिंगा (हाडाला बाहेरून तारांनी जोडलेल्या) लावून हाड लांबवताना साधारण रोज एक मि.मी., तोही पाव-पाव करून चार वेळा. घाईने ओढलं तर मध्ये हाड धरत नाही, फार रेंगाळलं तर वेळेआधीच जुळून बसतं. आणि "ऑर्थोला ताकद लागते" असं मला ज्यांनी ऐकवलं, त्यांनी तरफ कधी नीट शिकलेलीच नसते.

ट्रेनिंगचं म्हणाल तर ते लागतंच, त्यावर वेगळं काय लिहू. ड्रिल पलीकडचं कॉर्टेक्स (हाडाचं कडक कवच) सोडायच्या बेतात आलं की आवाज बदलतो आणि मनगट आपोआप थांबतं. मला ते यायला दीडेक वर्ष लागलं, त्याआधी दोनदा ड्रिल पलीकडे घुसवलंय. सरांचा हात माझ्यापेक्षा चांगला होता, आजही असेल. मनात आणलं असतं तर तीच वायर त्यांनी दुसऱ्या झटक्यात मधोमध घातली असती. मला राग त्याचाच येतो.

आता न्यायाचं म्हणून सांगते. 25 ही काही लक्ष्मणरेषा नाही. 30 वर बसलेले स्क्रूही टिकतात, आणि रिडक्शन (मोडलेले तुकडे जुळवणं) बिघडलं असेल तर 20 वाल्यानेही दगा दिलेला मी पाहिलाय, माझ्याच केसमध्ये. आजींचं हाड खरोखर ठिसूळ होतं, फाइलवर लिहिलेलं अगदीच खोटं नव्हतं. पण ठिसूळ हाडात तर वायर जास्तच मधोमध हवी ना!

हो, कॅल्क्युलसचं राहिलंच. मला आजवर एकदाही लागलेलं नाही.